एका संध्याकाळचे तीन शुक्रवार

ऑगस्ट लागला की बहरीनच्या उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या घराच्या काचा बाहेरून घामाघूम होतात. आत एसीचा गारठा, बाहेर दमट उकाडा, आणि या दोघांच्या भांडणात काच भिजते. आतून पुसून उपयोग नाही आणि तिसऱ्या मजल्यावर बाहेरून पुसायला कोण जाणार? त्यामुळे महिनाभर बाहेरचं जग पुसटच दिसतं. चारी बाजूंना समुद्र असलेल्या या बेटावर या दिवसांत वाऱ्याची झुळूक म्हणून नसते. माझा नवरा सुधीर सित्रातल्या कामावरून कंपनीच्या बसने येतो आणि बसपासून जिन्यापर्यंत चालतो, तेवढ्यात त्याचा शर्ट पिळून काढावा इतका भिजतो.

आणि इमारत रिकामी होते. शाळा बंद, ज्याला त्याला लीव्ह. कोणी केरळला जातं, कोणी कराचीला, कोणी वसईला. मागे राहतात कुलपं आणि बंद दारांमागे वाजणारे टेलिफोन. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर एखादी घंटी वाजत असते. पलीकडच्या माणसाला ठाऊक नसतं की इथे कोणी नाही. दहा वेळा वाजते, थांबते, पुन्हा सुरू होते. मी चांगली चाळिशीला टेकलेली बाई, पण त्या दारावरून पळत सुटते. सुधीर हसतो. म्हणतो, "भूत फोन करतंय का?" एका ऑगस्टमध्ये मी स्वतःच तसं काहीतरी केलं होतं. मी नव्हते तिथून माझा आवाज येत होता, आणि ज्यांनी तो ऐकायचा त्यांच्यातलं एक माणूस ऐकायला उरलेलं नव्हतं.

त्या गोष्टीला नऊ वर्षं होतील. माझी मुलगी केतकी तेव्हा सहा वर्षांची होती.

मिरजेला माझ्या माहेरी फोन नव्हता. आईचे डोळे अधू, पत्र वाचायचं म्हणजे तिला माझ्या वडिलांची, अण्णांची, मनधरणी करावी लागायची, आणि अण्णा पत्र वाचताना मधल्या ओळी गाळायचे. म्हणून आम्ही कॅसेट भरून पाठवायचो. इथल्या बहुतेक घरांत तीच पद्धत होती. एका बाजूला आम्ही बोलायचं, पाकिटात घालून पोस्टात टाकायची. आठवड्याने ती मिरजेला पोचली की दुसऱ्या बाजूला आई-अण्णांनी बोलायचं आणि तीच कॅसेट परत पाठवायची. अशा चार-पाच कॅसेट सतत समुद्रावरून ये-जा करत असायच्या. आमचा दिवस ठरलेला होता, शुक्रवार. सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ. घरामागेच मशीद आहे. दुपारच्या नमाजाआधी तिथल्या मौलवींचं प्रवचन भोंग्यावरून चालतं, तेव्हाच आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन बसायचो. त्यामुळे आमच्या प्रत्येक कॅसेटमध्ये, आमच्या बोलण्याच्या मागे, ते बोलत असायचे.

आईला ते फार आवडायचे. एक अक्षर कळायचं नाही, पण उत्तरात त्यांची चौकशी असायचीच. "तुमचे ते मागचे गृहस्थ आज फारच चिडले होते गं. आणि सर्दीपण झालीय त्यांना. सुंठ घ्या म्हणावं." आईचा कान असा होता. अण्णांचं पेट्या दुरुस्त करण्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत, ते सूर जुळवत बसले की आई मागून, कणीक मळता मळता, ओरडायची, "काळी तीन उतरलीय!" अण्णा चिडायचे, पुन्हा वाजवून बघायचे, आणि गुपचूप कानस हातात घ्यायचे. गावातले गवई अण्णांकडे पेटी आणायचे खरे, पण पसंती आईची घेऊन जायचे.

आता त्या ऑगस्टबद्दल. आम्हांला दोन वर्षांतून एकदा घरी जायला लीव्ह मिळायची आणि ती त्याच वर्षी होती. आईने उन्हाळ्यापासून लावून धरलं होतं, "यंदा गणपतीला या. माझ्या गुडघ्यांनी आता माझं ऐकायचं सोडलंय, तुम्ही तरी ऐका." आणि जुलैत सुधीरच्या कंपनीने त्याला पाच दिवसांच्या कोर्सला शिकागोला पाठवायचं ठरवलं. बायको-मुलीला नेता येणार होतं. कोर्सपुढे दहा दिवसांची सुट्टी जोडायची की झाली आमची अमेरिका. खरं सांगितलं असतं, तर सगळे हेच म्हणाले असते, की नवरा कामाला जातोय तर तू पोरीला घेऊन मिरजेला ये. आणि ते बरोबरच होतं. पण मला जायचं होतं. दुसरं काही कारण नाही. लग्नाआधी मिरज, लग्नानंतर पुणे आणि मग हे बेट. कुठेही मी नुसतं बघायला म्हणून गेले नव्हते. जिथे गेले तिथे मला स्वयंपाकघर दाखवण्यात आलं. दोन आठवडे कुणाचंही काही न करता एखादं मोठं शहर बघावं, या हावेपायी मी आईशी खोटं बोलले. कॅसेटवर सांगितलं, की माझा व्हिसा रिन्यू व्हायचाय, तोवर निघता येत नाही, बहुतेक दिवाळीला येऊ.

आईचं उत्तर आलं, "बरं." एवढंच. मग लगेच मौलवींच्या सर्दीबद्दल.

पण आम्ही नसताना तीन शुक्रवार येणार होते. कॅसेट गेली नाही तर आई घाबरणार. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी संध्याकाळी, मी तिन्ही शुक्रवार एका बैठकीत भरून टाकले.

ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. दिवे लागलेले, अर्ध्या भरलेल्या बॅगा, आणि जेवणाच्या टेबलावर तीन कोऱ्या कॅसेट. पहिली घातली, दोन्ही बटणं एकदम दाबली. "आई, आज शुक्रवार. आत्ताच जेवणं झाली. आज सुरमई तळली होती." केतकीच्या पाठीला चिमटा काढला. ती म्हणाली, "आजी, आज फ्रायडे आहे," आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून माझ्याकडे वळली. "बट आई, इट्स ट्यूजडे."

मी बटण बंद केलं, टेप मागे घेतली. "पुन्हा. आणि मराठीत."

"व्हाय?"

"आजीला गंमत करायचीय."

"इज इट अ लाय?"

"गंमत आहे म्हटलं ना!"

दुसऱ्या शुक्रवारी मसालेभात केला, बाब अल बहरीनच्या बाजारातून आईसाठी जरीकाठाचं कापड आणलं. तिसऱ्या शुक्रवारी सुधीरला जरा ताप येऊन गेला होता. म्हटलं, सगळंच छान छान असलं तर खोटं वाटेल. भरता भरता मी त्यात इतकी रमले, की तिसऱ्या कॅसेटच्या वेळी मला सुधीरच्या कपाळाला हात लावून बघावासा वाटला. केतकी पेंगत होती. घरात एसीची घरघर सोडली तर आवाज नव्हता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कॅसेट फिलोमिनाकडे दिल्या. फिलोमिना खालच्या मजल्यावर राहते, वसईची, हॉस्पिटलात नर्स आहे. पहिल्या वर्षापासूनची माझी मैत्रीण. तिने तीन पाकिटं हातात घेऊन जोखली.

"मफी मुश्किल, काही अडचण नाही. तीन शनिवार, तीन पाकिटं. ड्युटीला जाताना टाकते. पण शैला, एक सांगू? खोटं बोलायचं तर एकदा बोलून मोकळं व्हावं गं. असं भरून ठेवू नये."

"तू प्रार्थना कर माझ्यासाठी," मी म्हटलं आणि हसले.

शिकागो. काय सांगू? पहिली आठवण तळ्याची. ते त्याला तळं म्हणतात. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, पोरं पोहतायत, आणि वास नाही. मी किती वेळ काठावर उभी राहून नाक वर करून हुंगत होते. शेवटी ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. गोडं. बहरीनला आमच्या नळाला मचूळ पाणी येतं आणि इथे अख्खा समुद्र गोडा. मला आनंद व्हायला हवा होता. पण अंगावर काटा आला.

सुधीर दिवसभर कोर्सला जायचा आणि मी नि केतकी भटकायचो. डोक्यावरून लोखंडी पुलांवरून गाड्या धडधडत जायच्या आणि खालच्या रस्त्यावर उन्हाच्या पट्ट्या हलायच्या. काचेच्या इमारतींत आम्ही दोघी दिसायचो, मी साडीत आणि केतकी लाल फ्रॉकमध्ये. पण काच अशी मोठी, की आम्ही कोपऱ्यावर वळलो तरी त्या दोघी क्षणभर सरळच चालत राहिल्यासारख्या वाटायच्या. एका संग्रहालयात डोंगराएवढ्या प्राण्याचा सांगाडा होता. केतकीने विचारलं, "डज ही नो ही इज डेड?" शेजारची गोरी आजीबाई हसली. मीही हसले. हॉटेलात लांबच लांब गालिचा, दोन्हीकडे दारं. दोन आठवडे राहिलो पण त्या दारांतून कोणी बाहेर आलेलं मी पाहिलं नाही. सकाळी प्रत्येक दाराशी वर्तमानपत्र असायचं आणि संध्याकाळी नसायचं.

मजा आली नाही असं मात्र नाही. ते म्हणणं आणखी एक खोटं होईल. मी आइस्क्रीम खाल्लं, बाकावर बसून चपला काढून पाय पसरले, चार-चार तास नुसती चालले. कुणी मला चहा मागितला नाही. मी खूप सुखात होते, आणि तेच पुढे मला सोसवेना.

शनिवारी सकाळी आम्ही त्या काळच्या जगातल्या सर्वांत उंच इमारतीवर गेलो. एकशे तिसरा मजला. लिफ्टमध्ये कानांना दडे बसले. गणवेशातल्या बाईने केतकीला लाडाने विचारलं, "व्हेअर आर यू फ्रॉम, हनी?"

केतकीने माझ्याकडे पाहिलं, आणि घोकून घेतलेलं होतं तसं, मराठीत म्हणाली, "आज शुक्रवार आहे. मी बहरीनमध्ये आहे."

बाईला काही कळलं नाही, तिने कौतुकाने मान हलवली. सुधीरचं तोंड पडलं. मी केतकीला जवळ ओढलं आणि आम्ही बाहेर आलो.

वर काय होतं? सगळं होतं. तळं, नदी, रस्ते, मुंग्यांएवढ्या गाड्या, खालून जाणारा एक ढग. फक्त आवाज नव्हता. एवढं अवाढव्य शहर आणि वर एक आवाज येत नव्हता. मी काचेला कान लावला. मग उगाच घड्याळ पाहिलं. सकाळचे दहा. मिरजेला रात्रीचे साडेआठ, जेवणं उरकून कॅसेट लावायची त्यांची वेळ. पहिली कॅसेट आठवड्यापूर्वी टाकली होती, म्हणजे आजच पोचली असणार. आत्ता, ह्या क्षणाला, मी तिथे बोलत असेन. माझे ओठ आपोआप हलले: "आई, आज शुक्रवार. आत्ताच जेवणं झाली." आणि मला वाटलं, की खरी मी तिथे आहे, त्या खोलीत, आईसमोर, आणि इथे काचेला टेकून उभी आहे ती कॅसेट आहे. सुधीर फोटो काढत होता. म्हणाला, "अगं, हस की जरा." मी हसले असेन.

मंगळवारी, निघायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी नदीवर गेलो. उजेड होता अजून, पण दिवे लागायला लागले होते. आम्ही पुलाच्या टोकाशी पोचलो आणि घंटा वाजायला लागल्या. गाड्या थांबल्या. पूल मधोमध फाटला आणि आमच्यासमोर रस्ता उभा राहिला. मधली पांढरी रेघ, कडेचे दिव्याचे खांब, सगळ्यांसकट उभा. मधून दोन शिडाची होडकी शांतपणे निघून गेली.

"आई, द रोड इज गॉन," केतकी म्हणाली.

"येईल परत. थांब."

आम्ही थांबलो. मला तो गार वारा आठवतो, आणि केतकीच्या हाताला चिकटलेली साखर. साडेसात वाजले असतील.

पुढे मी पुष्कळदा हिशोब केला. आई बुधवारी सकाळी सहाला गेली. बंबात पाणी तापत होतं, ती आंघोळीला उठली आणि उंबऱ्याशी बसली ती बसलीच. मिरजेचे बुधवारचे सहा म्हणजे शिकागोचे मंगळवारचे साडेसात. तिच्या दृष्टीने ती बुधवारी गेली. माझ्या दृष्टीने मंगळवारीच. मी रस्ता परत येण्याची वाट बघत उभी होते.

शनिवारी दुपारी बहरीनला परतलो. फिलोमिना जिन्यात भेटली, खूश होती. "तिसरी सकाळीच टाकली गं. खलास, तुझं काम झालं." सुधीर तसाच ऑफिसला तोंड दाखवून येतो म्हणून गेला. तार गुरुवारपासून त्याच्या टेबलावर पडली होती. तो घरी आला तेव्हा मी बॅगेतून कपडे काढत होते. त्याने एसी बंद केला. त्याने असं का केलं, कोण जाणे. पण घर एकदम इतकं गप्प झालं की मला कळलं.

मिरजेला पोचायला मंगळवार उजाडला. सगळं आटोपलेलं होतं. सिंधूमावशीने, आईच्या धाकट्या बहिणीने, मला मिठीत घेतलं आणि कानाशी विचारलं, "तार बुधवारी केली होती गं. एवढा उशीर?" मी म्हटलं, "तिकिटं मिळाली नाहीत." एकदा सुरुवात केली की ते थांबतं कुठे? दुसरी कॅसेट येऊन फडताळात पडली होती, न फोडलेली. अण्णा मला म्हणाले, "पहिली तिने ऐकली हो. चार-चार वेळा ऐकली. रविवारी स्वतःच भरली उत्तरादाखल, मला देवळात पिटाळलं. मी सोमवारी टाकली पोस्टात." म्हणजे ती कॅसेट आता बहरीनच्या वाटेवर होती.

तेराव्याला घर भरलं होतं. जेवणं होऊन माणसं पुढच्या खोलीत बसली होती, पेट्यांच्या सांगाड्यांमध्ये जागा करून. पोस्टमन आला आणि त्याने अण्णांच्या हातात पाकीट दिलं. मी पाहिलं आणि उठेपर्यंत अण्णांनी ते फोडलं होतं. आमच्या घरची रीतच ती होती, की कॅसेट आली की आधी लावायची, बाकी सगळं मागून. अण्णांचे हात सवयीने चालले. झाकण, कॅसेट, बटण.

"आई, आज शुक्रवार. आत्ताच जेवणं झाली."

माझा आवाज. टवटवीत, हसरा. मी तिथे कोपऱ्यात बसले होते, आणि मी आईच्या फोटोसमोरून बोलत होते. "आई, तुझे गुडघे कसे आहेत? सुधीरला जरा कणकण होती, पण काळजी करू नकोस हं." हाराआडून आई बघत होती. एक लहान मूल टेपकडे बघे आणि माझ्या तोंडाकडे बघे. कुणी हलेना.

सिंधूमावशीला पहिलं उमगलं. "शैला, हा कुठला शुक्रवार? तार तर गुरुवारी पोचली असेल तुला." तिचा आवाज चिरका झाला. "आई गेल्याचं कळल्यावर तू हे बोलत बसली होतीस?"

मी टेप बंद करायला धावले. अण्णांनी माझा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "तिला ऐकू दे पूर्ण."

मग पूर्ण ऐकली. सगळ्यांनी. केतकीची जांभई, "बाय आजी", आणि शेवटी माझं "पुढच्या शुक्रवारी बोलू". बटण उडाल्यावर मी सगळ्यांच्या देखत सांगितलं, शिकागो, तीन कॅसेट, सगळं. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मावशी पदराने डोळे पुसत आत गेली आणि अण्णांनी तिसरी कॅसेट डबीत घालून माझ्या हातात दिली. म्हणाले, "हिची दुसरी बाजू कोरी राहिली."

बहरीनला परत आलो तेव्हा आईची कॅसेट आमची वाट बघत होती. एका बाजूला माझा पहिला खोटा शुक्रवार, दुसऱ्या बाजूला आई. मी ती लावली नाही. शिकागोच्या फोटोंचा रोलही धुवायला टाकला नाही. आईची कॅसेट, तो रोल आणि अण्णांनी दिलेली तिसरी कॅसेट, तिन्ही वस्तू एका बिस्किटांच्या डब्यात घालून कपाटावर ठेवल्या. मला एकाच गोष्टीची भीती होती. आईचा तो कान. तिला कळलंच असणार. आणि कळलं असेल तर ती शेवटचे तीन दिवस काय समजून जगली? मुलगी फसवते आहे, हे? की मुलीचं काही बरंवाईट झालंय आणि आपल्यापासून लपवतायत, हे? कॅसेट लावली नाही तोवर दोन्ही खरं नव्हतं. अशी नऊ वर्षं गेली. सुधीरने एकदाच विचारलं, "ऐकायची?" मी नको म्हटलं, आणि त्याने पुन्हा विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात केतकी स्टुलावर चढून कपाटावर कोरी कॅसेट शोधत होती. पंधरा वर्षांची झालीय, रेडिओवरची गाणी भरायची असतात तिला. डबा खाली आला. "आई, कॅन आय टेप ओव्हर धिस? इट्स जस्ट समथिंग ओल्ड." तिच्या हातात आईची कॅसेट होती आणि टेपरेकॉर्डरचं झाकण उघडं होतं. मी अशी ओरडले, की ती स्टुलावर तशीच थिजली.

मग मी तिला सांगितलं. तिला शिकागोतलं फक्त पूल उभा राहिलेला आठवत होता. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि मी कॅसेट लावली.

खरखर. मग आई.

"दाबली बाई दोन्ही बटणं एकदाची. चालू आहे की नाही, देव जाणे. शैले, हे देवळात गेलेत म्हणून बोलते. तुझी कॅसेट परत-परत ऐकली. तू म्हणतेस शुक्रवार, दुपार. पण मागचे गृहस्थ बोलत नव्हते. मागे कोणीच नव्हतं गं. आणि केतू पाठ केलेलं बोलत होती. आधी माझा जीव घाबरा झाला. म्हटलं, दवाखान्यात आहेत की काय, पोरीला काही झालंय की काय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मग आज पहाटे ह्यांच्याकडून हळू आवाजात परत लावून घेतली, आणि मला हसूच आलं. लहानपणी चिंचा खाऊन यायचीस आणि 'मी कुठे खाल्ल्या' म्हणायचीस, तेव्हा तुझा सूर जरासा वर चढायचा. तस्साच चढलाय. दुखण्याखुपण्यात तुझा सूर खाली बसतो, मला ठाऊक नाही का? तेव्हा तू मजेत आहेस. जिथे गेली असशील तिथलं सगळं नीट बघून घे. ह्यांना काही बोलले नाही मी. आल्यावर मला सांग, काय काय पाहिलंस ते. मी थांबलेय."

आणि बोलणं संपलं. पण कॅसेट संपली नाही. आईला टेप बंद करता यायची नाही, ते काम नेहमी अण्णांचं. ती तशीच बसून राहिली असणार, अण्णांची वाट बघत. वीस मिनिटं तरी त्या बाजूला काही नाही. म्हणजे सगळं आहे. खुर्ची करकरते. बांगड्या वाजतात. चिमण्या. लांबून जंक्शनवरची शिट्टी. श्वास. एकदा आई खाकरते, काहीतरी बोलणार असं वाटतं, मी आणि केतकी पुढे वाकतो, आणि ती बोलत नाही. आमच्या ओल्या काचांच्या घरात ती वीस मिनिटं माझी आई जिवंत बसली होती, आणि मी काही म्हटलं असतं तर तिला ऐकू गेलं असतं, असं मला अगदी खरं वाटलं. केतकीने माझा हात घट्ट धरला होता.

आई रात्रभर झोपली नव्हती. ती एक रात्र माझ्यामुळे गेली, आणि तिच्याजवळ फार रात्री उरल्या नव्हत्या. हे कुणी काही म्हटलं तरी पुसलं जायचं नाही. पण ती हसलीही होती, हेही आता मला माहीत आहे.

आज दुपारी फिलोमिना विचारायला आली, की एवढ्या उकाड्यात तुझ्या घराची खिडकी उघडी का, एसी बिघडला काय. मी तिला आत घेतलं आणि तोंडावर बोट ठेवलं. केतकी आधीच टेबलापाशी बसली होती. दमट हवा आत शिरून सगळं चिकट झालं होतं आणि मागच्या मशिदीत प्रवचन सुरू झालं होतं. हे मौलवी नवे आहेत, तरुण. यांना सर्दी नाही. मी तिसऱ्या कॅसेटची कोरी बाजू वर केली, टेपरेकॉर्डर खिडकीच्या अगदी जवळ सरकवला, म्हणजे आईला ते स्पष्ट ऐकू यावेत, आणि दोन्ही बटणं एकदम दाबली.

"आई, आज शुक्रवार. खराच शुक्रवार."